चार चौकटी

मंगळवारी मारिक्रूझने कँटीनच्या कागदी रुमालावर अधिकाची मोठी खूण काढली, तिच्याभोवती चौकोन ओढला आणि रुमाल ओडालिसकडे सरकवला.

"हे बघ, चार चौकटी. क आणि ख हे दोन चोर पकडलेत. वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेत. एकमेकांशी बोलता येत नाही."

"बरं."

"दोघंही गप्प राहिले तर एकेक वर्ष. दोघांनीही तोंड उघडलं तर पाच-पाच. एक बोलला आणि दुसरा गप्प बसला, तर बोलणारा घरी आणि गप्प बसणारा दहा वर्षं आत."

ओडालिसने बटाट्याचा काप केचपमध्ये बुडवला आणि तसाच हातात धरून ठेवला. सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये डबल पाळी पडल्यामुळे सोमवारचा अर्थशास्त्राचा तास तिचा बुडाला होता आणि शुक्रवारी परीक्षा होती. मारिक्रूझला शिकवायची भारी हौस. समोरच्याच्या डोक्यात शिरेपर्यंत ती काही सोडायची नाही.

"मग पुस्तकाचं उत्तर काय?"

"दोघंही बोलतात. दुसरा काहीही करो, आपण बोललेलंच बरं, असं प्रत्येकाला वाटतं."

"आणि दुसरा गप्प राहणार हे पक्कं ठाऊक असलं तर?"

"मग तर बोलायलाच हवं. सरळ घरी!"

"पुन्हा एकदा सांग ना."

मारिक्रूझने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ओडालिसने मान डोलावली, रुमालाची नीट घडी घातली आणि पुस्तकात ठेवली.

खरं तर अकरा दिवसांपासून दोघींचेही भाऊ काउंटीच्या तुरुंगात होते. मारिक्रूझचा एफ्राइन आणि ओडालिसचा नेस्तोर, दोघे मिळून बागांच्या पंपांची तांब्याची तार कापताना सापडले होते. पहिल्याच दिवशी कॉलेजच्या पार्किंगमध्ये दोघींनी ठरवून टाकलं होतं, घरचं घरी, कॉलेजचं कॉलेजात. मैत्री टिकवायची तर दुसरा मार्ग नव्हता. म्हणून चौकटींवर नावं न घालता मारिक्रूझने क आणि ख घातले, आणि हा नुसता धडा आहे अशी स्वतःची समजूत घातली. हुशार माणसं स्वतःची समजूतही हुशारीने घालतात.

दुपारी क्रिमिनल जस्टिसचा तास. सव्वीस वर्षं शेरिफच्या हाताखाली काढलेले हाल्डरसन सर टेबलावर बूड टेकवून म्हणाले, "पोलिसासमोर तोंड उघडू नका. मी पकडलेले निम्मे लोक आपल्याच बडबडीने आत गेले."

वर्ग हसला. मारिक्रूझने ते लिहून घेतलं. तिची वही एकच होती. अर्थशास्त्र पुढून, क्रिमिनल जस्टिस मागून, मध्ये जेमतेम चार कोरी पानं उरलेली. सकाळी 'बोला' लिहिलं की पैकीच्या पैकी गुण, दुपारी 'गप्प राहा' लिहिलं की पैकीच्या पैकी. दोन्हीकडे ती पहिली यायची आणि तिला काडीचंही कळत नव्हतं.

घरी आई वाटच बघत होती.

"कोर्टाने दिलेला वकील पाच मिनिटं भेटतो, त्यातली तीन फाइल शोधण्यात घालवतो. सरकारी वकील म्हणतात, जो आधी बोलेल तो सुटेल, शुक्रवारी दुपारपर्यंत मुदत. पोरगं विचारतंय, काय करू? सांग त्याला."

"आई, मी वकील नाहीये गं."

"मग दोन वर्षं काय शिकतेयस? समोरच्यांचा पोरगा दातांचं शिकतोय. अजून एक दात उपटला नाही त्याने, पण अख्ख्या गल्लीचे दात बघतो!"

प्रवेश घेतला त्या दिवसापासून मामा तिला 'वकीलबाई' म्हणत होता. तिने कधी त्याला अडवलं नव्हतं. ऐकायला बरं वाटायचं.

गुरुवारी तुरुंगाच्या भेटीची वेळ मिळाली. भेट म्हणजे फोनच्या पडद्यावर एफ्राइनचा चेहरा आणि खाली एक ओळ, हे संभाषण रेकॉर्ड होत आहे. त्याचे केस कापले होते. कान एकदम लहानपणीसारखे बाहेर आले होते.

"काय ते सांग पटकन," तो म्हणाला. "वकील म्हणतो, तुझं तू ठरव. मला काही सुचत नाहीये."

तिच्या मांडीवर वही होती. तिने पुढची पानं चाळली, मागची चाळली. मग वही मिटली. मारिक्रूझच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी ओडालिस तीन दिवस हॉस्पिटलच्या खुर्चीत झोपली होती, हे काही वहीत लिहिलेलं नव्हतं.

"गप्प राहा," ती म्हणाली.

"आणि तो बोलला तर?"

"नाही बोलणार. त्याच्या बहिणीला मी ओळखते."

एफ्राइनने तिच्याकडे बघून मान डोलावली. तिच्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता आणि त्याचीच तिला भीती वाटली.

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला परीक्षा. ओडालिस येऊन शेजारच्या खुर्चीत, आपल्या नेहमीच्या जागी बसली. विंडहॅम बाईंनी पुस्तकं खाली ठेवायला सांगितली. ओडालिसने पुस्तक खुर्चीखाली सारलं तेव्हा त्यातून कागदी रुमाल निसटून पडला. मारिक्रूझने तो उचलून उघडला.

क आणि ख खोडलेले होते. त्यांच्या जागी ओडालिसच्या गोलसर अक्षरात नेस्तोर आणि एफ्राइन. एका चौकटीभोवती पेनाने दोनदा वर्तुळ काढलेलं. नेस्तोर घरी, एफ्राइन दहा.

"कधी?" मारिक्रूझने विचारलं.

"बुधवारी जबाबावर सही केली त्याने." ओडालिसची मान खालीच होती. "सगळे मलाच विचारत होते गं. तू शिकतेयस, तू सांग, म्हणून. मला काय येतं? तू शिकवलंस तेवढंच."

मारिक्रूझने रुमाल पुन्हा पाहिला. कुठे चुकलंय का ते शोधलं. चारही चौकटी बरोबर भरलेल्या होत्या.

"आता बोलणं बंद," विंडहॅम बाई म्हणाल्या आणि पेपर वाटत आल्या.

पहिलाच प्रश्न त्या चौकटींचा होता. मारिक्रूझने नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि प्रश्न वाचायला घेतला. क आणि ख यांना एकमेकांशी बोलता येत नाही, असं पहिल्याच ओळीत छापलं होतं. ती ओळ तिने पुन्हा वाचली. ओडालिसचं कोपर तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होतं.