इओकेपाकाकाच्या सैल तारा

इओकेपाकाकाच्या गिटारच्या सैल तारा पाहिल्या की लेइमोमीचं डोकं आजही फिरायचं. मोलोकाई बेटावरचं तिचं सगळं लहानपण या म्हाताऱ्याने असंच छळलं होतं. वाजवून झालं की खुंट्या पिळून सगळ्या तारा सोडून द्यायच्या, का तर घराण्याची जुळणी, म्हणजे तारा सुरात लावायची खास पद्धत, कुणाच्या हाती लागायला नको. वाजवतानाही पाठ फिरवून बसायचं. "शिकवा ना काका," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आधी अळूचं खाचर निंदून ये." बेटभराचं अळू निंदून झालं असेल तिचं!

शेवटी वैतागून ती होनोलुलूला गेली. हॉटेलांत पाहुण्यांपुढे वाजवता वाजवता केस पिकले. दुसऱ्यांच्या कितीतरी जुळण्या तिने मिळवल्या, घरची तेवढी राहिली. आता ती बेटावर परतली, तर काकाची बोटं आखडली होती. तो गेला की जुळणीही त्याच्याबरोबर मातीत जाणार, आणि या माणसाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं!

त्या सकाळी ओसरीवर काकाने गिटार तिच्या मांडीवर ठेवली. "लाव."

"काय लाव? कधी सांगितलंत का मला?"

"लहानपणी रोज सकाळी भिंतीपलीकडे झोपेचं सोंग घेऊन पडायचीस ना?"

"मग?"

"मग वाजवायच्या आधी मी काय करायचो?"

ती फटकन काहीतरी बोलणार होती, ती थांबली. सोडलेल्या तारा रोज नव्याने लावाव्याच लागत. तिने रागारागाने खुंटी पिळली. जाड तार कण्हत वर चढली, जरा पुढे गेली, मागे आली. अस्संच ऐकलं होतं रोज! मग पुढची. हात थांबेनात. सगळ्या तारा छेडल्या आणि तिला रडू फुटलं.

"एवढी वर्षं हे सांगायला तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"तू कधी लावून बघितलीस? नुसती मागत राहिलीस."

तिने खूप वेळ वाजवलं. काका डोळे मिटून ऐकत राहिला. इतक्यात चुलतभाऊ हिराम मासे घेऊन फाटकातून आत आला.

"अगं, ही काकांची जुळणी ना? कशी लावलीस? दाखव की!"

लेइमोमीने सांगायला तोंड उघडलं, पण तिचा हात आधीच खुंट्यांवर गेला होता. एकेक तार सैल पडत होती.

"आधी मासे साफ कर," ती खेकसली. मग म्हणाली, "आणि उद्या येशील तर मी तारा लावायच्या आधी ये."