मुंगी हलली

आमच्या घरात सध्या पंखा लावायला बंदी आहे. उकाड्यानं जीव गेला तरी चालेल, पण खिडकीतल्या कुंडीचं पान हलता कामा नये. कारण त्या पानावर मुंगी आहे आणि आमच्या ह्यांना तिचा फोटो काढायचाय.

ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवण्यात जन्म गेला. पण हल्ली ह्यांच्या हातात कपबशी वाजते, चिमट्यातून स्क्रू निसटतात. लेक म्हणाली, "बाबा, हात कापतोय तुमचा. डॉक्टरांना दाखवू या." झालं! दोन दिवस अबोला. शेवटी तिनं स्वतःचा कॅमेरा आणि जवळून फोटो काढायची लेन्स आणून दिली आणि पैज लावली. "नुसत्या हातात धरून एका किड्याचे डोळे स्वच्छ टिपून दाखवा, मी डॉक्टरांचं नाव काढणार नाही. नाहीतर मुकाट्यानं चलायचं."

पैज त्या दोघांची आणि जाच मला. माझ्या चाळणीला पातळ कागद चिकटवून ती फ्लॅशपुढे बांधलीय, म्हणे उजेड मऊ पडतो. परवा फ्रिजमध्ये दह्याशेजारी एक डबी दिसली. उघडली तर आत कोळी!

"गार पडला की हलत नाही," हे म्हणाले.

तोवर तो माझ्या कोपरापर्यंत चढला होता.

एवढं करून फोटो एकजात धुरकट. इतक्या जवळून म्हणे श्वास घेतला तरी चित्र बिघडतं, पाय नीट आला तर डोळा पुसट. हे श्वास कोंडून लालबुंद होतात आणि मग ओरडतात, "मुंगी हलली!" मी चालले म्हणून हलली, शेजाऱ्यांनी दार आपटलं म्हणून हलली. स्टँड लावा म्हटलं, तर म्हणे मग हात कशाला दिलेत देवानं? नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथं तर अंगणाला सहा पाय.

आज लेक कॅमेरा परत न्यायला येणार होती, म्हणजे आज शेवटची संधी. सकाळीच ह्यांना पानावर हिरवागार, चकचकीत भुंगा दिसला. पंखा बंद, खिडकीची काचही बंद, दाराला कडी, मला खुर्चीवर बसायचा हुकूम.

"बघ, किती शहाणा आहे. जागचा हलत नाही," हे खूश होऊन म्हणाले.

खटाखट फोटो काढले. मग पडद्यावर बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"छे! भुंगा हलला."

माझं डोकंच सणकलं. "अहो, हलेल कसा? मेलाय तो! केर काढताना सापडला, मीच ठेवला पानावर. म्हटलं, एकदाचा येऊ दे तुमचा फोटो."

बोलून गेले आणि जीभ चावली. ह्यांनी चिमट्यानं भुंग्याला हळूच ढोसलं. तो उताणा पडला, पाय पोटाशी घेऊन. चिमटा कुंडीच्या काठावर टकटक वाजत राहिला. मला एकदम रडू आलं. ही पैज ह्यांनी जिंकावी असं मलाच किती वाटत होतं!

"वाऱ्यानं पान हललं असेल हो," मी म्हणाले.

ह्यांनी छताकडे बघितलं.

"पंखा मीच बंद केलाय गं."