मैत्रिणी किती?

मी मुळातच तोंडाळ, त्यात समोर कॅमेरा आला की विचारायलाच नको. कळण्याची भाकरी, फुनके, भरीत असलं काहीबाही अहिराणीत बडबडत करून दाखवते आणि चाळीस हजार लोक ते बघतात. म्हणून एका टीव्ही चॅनलवाल्यांनी आमचं कळसाडी गाव गाठलं. विषय होता, सोशल मीडिया आणि खरी मैत्री.

मुलाखत घ्यायला ललित नावाचा गोडबोल्या पोरगा आला होता. अंगणात खुर्च्या मांडल्या. माझी धाकटी जाऊ रुपा कॅमेऱ्यामागे उभी राहून कोंबड्या हाकलत होती. सासूबाई दारात बसल्या होत्या.

"ऑनलाइन चाळीस हजार," ललित म्हणाला, "आणि प्रत्यक्षात? तुमची खरी मैत्रीण कोण, दामिनीताई?"

मी गडबडलेच. शाळेतल्या मैत्रिणी आठवून पाहिल्या. एक सुरतेला दिलेली, एक नवापूरला. दोघींचे नंबरसुद्धा नव्हते माझ्याकडे.

"खरं सांगू? एकही नाही," मी अगदी शुद्ध मराठीत म्हणाले. "लग्न झालं की बाईला मैत्रिणी राहत नाहीत. पुण्याची एक रोशनी आहे. कधी भेटलो नाही, पण रोज सकाळी कशी आहेस म्हणून विचारते."

ललित खूश झाला. मीही खूश. काय छान बोलले, असं वाटत राहिलं.

त्या दिवसापासून रुपाचं काहीतरी बिनसलं. विचारलं तेवढंच बोलायची. माझे व्हिडिओ तीच काढते, पण बोलावलं की पिठाचे हात दाखवून म्हणायची, "मन्हा हात भरेल शेतस." मी डोकं खाजवत बसले. मुलाखतीच्या दिवशी चहाच्या सतरा फेऱ्या तिच्या माथी मारल्या म्हणून? की तिलाही कॅमेऱ्यासमोर यायचं होतं?

"तुले बी टीव्हीवर येवानं होतं का?" शेवटी विचारलंच.

"मन्हं काय काम तठे?"

मला रागच आला. एवढे नखरे कशासाठी?

शनिवारी संध्याकाळी मुलाखत लागली. सगळं घर टीव्हीपुढे. मी पडद्यावर "एकही नाही" म्हणाले आणि सासूबाईंनी मान वळवली.

"मंग हाई रुपा कोण शे वं?"

"ती ते मन्ही जाऊ शे!" मी हसत हसत म्हणाले.

"बरोबर," रुपा म्हणाली. "जाऊच शे मी." आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली.

माझं हसू तोंडावरच राहिलं. टीव्हीवर मी अजून बोलतच होते, रोशनी किती जीव लावते वगैरे. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, हे त्या रोशनीला ठाऊकही नाही. तेव्हा आठ दिवस माझ्याजवळ झोपली ती रुपा. मी रडायला लागले की दिवा न लावता माझा हात धरायची. पण मैत्रीण हा शब्द मी शाळेच्या निबंधात लिहिलेला. घरात कोणी कोणाला तसं म्हणत नाही. घरात सासू असते, नणंद असते, जाऊ असते. मग मी चुकले का? चुकलेच. पण नेमकी कुठे, ते डोक्यात धड बसेना.

मी आत गेले. ती पीठ मळत होती. माझ्याकडे पाठ होती.

"रुपा, तू मन्ही मैत्रीण शे," मी म्हणाले. शब्द तोंडात परका वाटला. कॅमेऱ्यासमोर बोलते तसाच आवाज निघाला, मलाही ऐकू आला.

तिचे हात थांबले. तिने वळून माझ्या मागे, रिकाम्या दाराकडे पाहिलं.

"आते ते कॅमेरा नही शे, ताई," ती म्हणाली. "मंग हाई कोणले सांगी ऱ्हायनी?"