मासेमारीच्या खेळाबद्दल सुधारित मत

"अगं, त्या ठिपक्यावर जाऊ नकोस," शेजारच्या काकूंनी तिला फोनवर बजावलं होतं. "तुझे बाबा भाजी आणायला गेले तरी ते यंत्र घरात चालूच असतं. अधूनमधून माणसाचा आवाज ऐकत जा."

"हो हो काकू," ती म्हणाली आणि विषय सोडून दिला. काकू म्हणजे तिच्या माहेरच्या भिंतीला लागून राहणाऱ्या टेलरबाई. पडदे नि शाळेचे गणवेश शिवायच्या. मोबाइलवरची अक्षरं मोठी करून घ्यायलाही त्या दुसऱ्याला गाठायच्या, आणि आता मला यंत्राचं शिकवतायत, असं तिच्या मनात येऊन गेलं. तोंडावर अर्थात काही बोलली नाही.

तो ठिपका तिच्या फोनवर होता. कॉलेजात असताना तिने घेतलेलं व्हिडिओ गेमचं यंत्र आई गेल्यावर तिने बाबांकडे ठेवलं होतं. एकट्या माणसाचा वेळ जावा, एवढाच हेतू. यंत्र चालू असलं की फोनवर बाबांच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसायचा, बंद असलं की राखाडी. खाली बारीक अक्षरांत कोणता खेळ चालू आहे तेही यायचं. ती पाच तासांच्या अंतरावर, पदरात आठ महिन्यांचं बाळ. सकाळी डोळे उघडले की आधी पिल्लूच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचा, मग फोन उघडून ठिपका बघायचा, हा तिचा नेम. ठिपका हिरवा म्हणजे बाबा उठले, चहा झाला, खेळायला बसले. तेवढ्यावर तिचा जीव भांड्यात पडायचा.

"आपल्या घरात दोन कंट्रोल रूम आहेत," नवरा म्हणायचा. "एक पिल्लूची, एक सासरेबुवांची. माझी कुठेच नोंद नाही."

"तुम्ही रोज समोर दिसता ना, मग कशाला नोंद?"

बाबांनी छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर हातात खेळाचं यंत्र आलं तेव्हा त्यांनी ते आधी उलटं करून स्क्रू कुठे आहेत ते बघितलं. मग खेळायला लागले आणि बघता बघता त्यात असे रमले की आठवड्यातून दोन-तीनदा तिला आवाजी निरोप पाठवायचे. प्रत्येक निरोपात एका खेळाबद्दलचं मत. मत साधं नसायचंच.

गाड्यांच्या शर्यतीबद्दल ते म्हणाले, "ठके, यात गाडी ताशी दोनशेच्या वेगाने भिंतीवर आपटली तरी भिंतीला ओरखडा येत नाही. ती भिंत बांधणाऱ्या गवंड्याला मला भेटायचंय. बाकी खेळात राम नाही."

शेतीच्या खेळाबद्दल म्हणाले, "पाऊस वेळेवर, कोंबडी कधी आजारी पडत नाही. सगळं इतकं सुरळीत की करमत नाही. पण गाईला कुरवाळलं की ती मान वळवून बघते. तेवढ्यासाठी रोज चक्कर मारतो."

वरून ठोकळे पडतात आणि आपण ते बसवत राहायचे, त्या खेळाबद्दल म्हणाले, "याला जिंकणं नाहीच. हरेपर्यंत करत राहायचं. नोकरीसारखा आहे. पण वाईट नाही, हात चालता राहतो."

आणि ओसाड इस्पितळात भुतं फिरतात त्या खेळाबद्दल म्हणाले, "भुतांचं काही वाटलं नाही. मात्र लिफ्टचं दार उघडं असताना केबिन वर सरकली, तेव्हा हातापायाला घाम फुटला. हे ज्याने केलं त्याला लिफ्टचं काही कळत नाही. पोरांना असलं दाखवू नये."

ती हे निरोप ऐकून पोट धरून हसायची. पिल्लूला पाजताना एका हाताने ते टाइप करून खेळाडूंच्या एका साइटवर टाकायची. पानाला नाव दिलं होतं 'लिफ्टवाले आजोबा'. हळूहळू वाचक जमले. कुणी विचारायचं, आजोबा, अमुक खेळातली लिफ्ट बघितली का? बाबा बघायचे आणि तिची साल काढायचे. एकूण अडतीस खेळांमधल्या लिफ्ट त्यांनी तपासल्या होत्या. पास झाल्या दोन.

एकदा त्यांचा फोन आला. "हे यंत्र मधेच आपोआप बंद पडतं गं. मी गॅस बघायला उठलो, शेजारी जरा बोलत उभा राहिलो, परत येतो तर सगळं काळं."

"अहो बाबा, बिघाड नाहीये तो. तासभर कुणी हात लावला नाही तर वीज वाचावी म्हणून ते झोपतं."

"चालतं यंत्र मधेच बंद करायचं नसतं. आत कुणी असलं तर?"

"आत कोण असणार?"

"ते तू मला शिकवू नकोस. अर्ध्या मजल्यावर अडकलेली माणसं काढण्यात हयात गेली माझी."

ती हसली आणि ती सोय कुठलं बटण दाबून काढून टाकायची ते तिने स्वतःच सांगितलं. झोपताना मी हाताने बंद करीन, असं ते म्हणाले आणि करतही होते. पण दिवसभरात ते घरात असोत, बाजारात असोत, ठिपका हिरवाच. काकूंनी सांगितलं ते हेच. बटण आपण दाखवलं आणि ठिपका आपण बघतो, या दोन गोष्टी तिने एकमेकींशेजारी कधी ठेवूनच बघितल्या नाहीत. कॉलेजात शिकलेली, डोळ्यांत तेल घालून जगणारी बाई, आणि एवढं सुचू नये.

सोमवारी पिल्लूला लस दिली. संध्याकाळपासून ते फणफणलं. एरवी सोमवारी ती बाबांना फोन करायची, तो राहिला. मंगळवारी पहाटे सहाला पिल्लूच्या कपाळावरची पट्टी बदलताना तिने सवयीने फोन बघितला. ठिपका हिरवा.

"आज बाबा लवकर उठलेत," ती नवऱ्याला म्हणाली.

"त्यांना नातीची लस टोचली असेल," नवरा म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

अकराच्या सुमारास ताप उतरला, पिल्लू झोपलं. तिने तीन दिवसांनी 'लिफ्टवाले आजोबा' उघडलं. मासेमारीच्या खेळावर एका वाचकाची तक्रार पडली होती. 'आजोबा, दहा मिनिटांत मत देणं अन्याय आहे. तळ्यावर संध्याकाळ होईपर्यंत तरी थांबा.' तिने ही तक्रार शनिवारी बाबांना वाचून दाखवली होती. ते नुसतं हं म्हणाले होते. आता उत्तर द्यावं म्हणून तिने बाबांचं मूळ मत पुन्हा वाचलं.

'बसायचं. पाण्याकडे बघायचं. मासा लागला की घंटा वाजते, मग बटण दाबायचं. पुन्हा बसायचं. दहा मिनिटांत मान पडली. घरात ज्याच्याशी बोलायला कुणी नाही त्याने हा खेळ लावू नये. मी पुन्हा लावणार नाही.'

ही वाक्यं तिने स्वतः टाइप केली होती, हसत हसत. आज ते हसू येईना. तिने ठिपका बघितला. हिरवा. खाली बारीक अक्षरांत मासेमारी. तिने त्यावर बोट दाबलं. सलग एकोणीस तास.



बाबा एखाद्या गोष्टीला नाही म्हणाले की नाही. आणि हो म्हणाले असते तरी एकोणीस तास? तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावायच्या ऐवजी तिने काकूंना लावला. मागे शिलाई मशीनची घरघर चालू होती.

"काकू, बाबा दिसले का आज?"

"अगं आहेत की! कालपासून त्यांचं ते टुणटुण चाललंय. भिंतीतून ऐकू येतंय. म्हटलं आज भलतेच रंगात आलेत."

"टुणटुण ऐकलं. पण त्यांना बघितलं का?"

मशीनची घरघर थांबली. "नाही गं," काकू म्हणाल्या.

बाबा आतून कडी कधी लावत नसत. बाहेरच्याला आत येता आलं पाहिजे, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम, आणि एक किल्ली कायम काकूंकडे. काकूंनी फोन चालूच ठेवला. चपलांचा आवाज, किल्लीचा, दाराचा. मग तिला पाण्याचा आवाज आला, बेडकांचा, आणि एक मंजुळ घंटा. टुण. टुण. काकू हाका मारत होत्या. उत्तर येईना. तिने झोपलेल्या पिल्लूचा पाय मुठीत धरून ठेवला होता, तिचं तिलाही कळलं नव्हतं.

मग घोगरा, कोरडा आवाज आला. "टेलरबाई, आधी ते तळं बंद करा."

तिने पिल्लूचा पाय सोडला. तिकडे काकू एकाच वेळी रडत होत्या आणि रागावत होत्या. "तळं काय बंद करा! काय करून घेतलंत हे!"

बाबा न्हाणीघराच्या दारात पडले होते. सोमवारी दुपारी चार वाजता. वाचकाचं म्हणणं मनाला लागलं होतं म्हणून त्यांनी तो खेळ पुन्हा लावला. तळ्यावर संध्याकाळ होईतो टॉवेल वाळत घालून येऊ म्हणून उठले आणि ओल्या लादीवरून पाय घसरला. मांडीचं हाड मोडलं. फोन टीव्हीशेजारी चार्जिंगला. चार पावलांवर, पण सरकता येईना. हाका मारल्या, तर तळ्याचं संगीत आणि पलीकडे शिलाई मशीन. यंत्र जर तासाभराने आपोआप बंद पडलं असतं तर आवाज थांबला असता, ठिपका राखाडी झाला असता, आणि सोमवारी संध्याकाळीच कुणाला तरी काहीतरी वाटलं असतं. हे तिने बसमध्ये, पिल्लूला मांडीवर घेऊन, पाच तास मनात घोळवलं.

इस्पितळात पोचली तेव्हा हाडात सळई बसवायचं ठरलेलं होतं. बाबांना सलाइन लावलं होतं. ओठ सोललेले. तिला बघून त्यांनी आधी नातीचा ताप विचारला.

"उतरला," ती म्हणाली. "बाबा, माझी चूक झाली. ते बटण मीच..."

"बटण मी मागितलं म्हणून तू दिलंस," ते म्हणाले. "ऐक. इथली लिफ्ट तळमजल्यावर बोटभर खाली थांबते. स्ट्रेचर आपटलं माझं. कुणाला तरी सांग."

"बाबा!"

"बरं, नंतर सांग." मग म्हणाले, "त्या मासेमारीबद्दल माझं मत बदललंय. लिहून घे."

"आत्ता?"

"आत्ता नाही तर कधी? उद्या भूल देणार आहेत, विसरलो तर?"

तिने पिल्लूला खांद्यावर टाकलं आणि एका हाताने फोन उघडला.

"लिही. पहिलं मत घाईचं होतं. तळ्यावर संध्याकाळ होते तेव्हा काजवे येतात म्हणे, ते मला जमिनीवरून दिसले नाहीत, पण उजेड छतावर हलताना दिसला. चांगला आहे. रात्री बेडूक ओरडतात, पहाटे गप्प होतात. ज्याने हे केलं त्याने खरं तळं ऐकलेलं आहे. त्याला पास." त्यांनी आवंढा गिळला. तिने चमच्याने पाणी पाजलं. "आता खोट. मासा लागला की घंटा वाजते आणि आपण काही केलं नाही तर ती तशीच वाजून थांबते. मग पुन्हा वाजते. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस अशीच घंटा दाबतो, ठके. मी छत्तीस वर्षं खाली उभा राहून ती ऐकली. आतून कशी ऐकू येते ते मला माहीत नव्हतं."

ती टाइप करायची थांबली.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"मग टाक. माझं पडणं त्यात घालू नकोस, उगाच गाजावाजा."

"तेवढं मी ऐकणार नाही," ती म्हणाली. बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग, घाल बापडे, अशा अर्थी हात हलवला. त्या हाताची नखं लादी खरवडून तुटली होती. ती तिने तेव्हा पहिल्यांदा बघितली.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी झाली, नीट झाली. यंत्राचं ते बटण काकूंनी तिच्याकडून फोनवर समजून घेऊन स्वतः पूर्ववत केलं. "बघ, जमलं मला," असंही म्हणाल्या. तिने चूक कबूल केली, आणि काकूंनी ती मोठ्या मनाने नव्हे, चांगली दोनदा ऐकवून माफ केली. आता रोज सकाळी बाबांनी काहीतरी एक मत पाठवायचं असं ठरलं. खेळाचं नसेल तर वॉर्डातल्या चहाचं. चहा नापास झाला.

दुपारी बाबा झोपले होते. पिल्लूही त्यांच्या पायथ्याशी, कठड्याला टेकून झोपलं होतं. तिने 'लिफ्टवाले आजोबा' उघडलं, सुधारित मत चिकटवलं, आणि त्याखाली पहिल्यांदाच स्वतःचं लिहिलं.

'मी आजोबांची मुलगी. वरचं मत त्यांनी एकोणीस तास जमिनीवर पडून बनवलंय. त्या सगळ्या वेळात माझ्या फोनवर त्यांचा ठिपका हिरवा होता, आणि तो बघून मी त्यांच्याबद्दल निर्धास्त होते. मला एका बाईंनी आधीच सांगितलं होतं, मी कानाआड केलं. तुमच्याही यादीत असं कुणीतरी असेल. काका, मामी, जुना मित्र, वरच्या मजल्यावरचे सर. ठिपका हिरवा दिसतो म्हणून तुम्ही त्यांना विचारत नसाल. हे पान इथेच ठेवा. आत्ता त्यांना फोन लावा आणि त्यांचा आवाज ऐका. उचलला नाही, तर त्यांच्या शेजाऱ्यांना लावा.'