गाळलेली डाळ

गल्लीत सगळे त्यांना दाभणकाका म्हणत. एक तर जन्मभर त्यांनी पुस्तकबांधणीच्या दुकानात दाभण चालवलं होतं, आणि दुसरं म्हणजे अंगकाठीही तशीच, लांब आणि बारीक. "यांना खायला घातलेलं जातं कुठे, देव जाणे," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

त्या काकूंचं मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, त्या घरी आल्या. पण वरची जखम काही मिटेना. घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी काकांना बाहेर व्हरांड्यात नेऊन हळू आवाजात सांगितलं, "पोटात प्रोटीन जायला हवं. पुढच्या तपासणीपर्यंत जखम भरली नाही, तर पुन्हा भरती करावं लागेल."

इस्पितळातून निघताना काकूंनी मागे वळून पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, "आता मला इथे परत आणू नका हं." म्हणून डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या कानावर घालायचं नाही, असं काकांनी व्हरांड्यातच ठरवून टाकलं.

औषधाच्या दुकानात प्रोटीनच्या पावडरचा डबा होता. काकांनी किंमत विचारली. डबा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि तान्हं मूल द्यावं तसा अलगद परत दिला.

जखमेची पट्टी बदलायला घरी एक नर्स येई. तिला सगळे सिस्टर म्हणत. तिला त्यांनी दारातच गाठलं आणि चोरी कबूल करावी तसं, डबा परवडत नाही हे सांगितलं.

"अहो आजोबा, त्यात लाजायचं काय?" ती म्हणाली. "डब्यातलं वाण्याच्या पोत्यातही मिळतं की. डाळ घाला, भिजवलेले चणे घाला, शेंगदाण्याचं कूट घाला. अंडी लहान बघून घ्या, ती स्वस्त देतात. दूध नासलं तर फेकू नका, फडक्यात बांधा. पण रोज हं, आणि पोटभर."

काकांना हायसं वाटलं. तिचे उपकार कसे फेडावेत याचाच ते दिवसभर विचार करत राहिले.

आता स्वयंपाक म्हणाल, तर काकांनी आयुष्यात एकच गोष्ट शिजवली होती: पुठ्ठ्यावर कागद चिकटवायची खळ. पीठ पाण्यात कालवायचं, मंद आचेवर ढवळायचं आणि फडक्यातून गाळायचं. गाळलेलं ते उत्तम. फडक्यात राहील तो गाळ. त्यातली एक गुठळी जरी कागदाखाली गेली, तरी पुस्तकाला जन्माचं टेंगूळ.

काकांनी डाळ शिजवली तीही तशीच. ढवळली, घोटली आणि फडक्यातून गाळली. खाली उतरलं ते गुळगुळीत, पिवळसर, एकही गुठळी नसलेलं. ते त्यांनी वाटीत भरून काकूंना दिलं. फडक्यातला गोळा टाकवेना, म्हणून मीठ लावून स्वतः खाल्ला. चण्यांचंही तेच. दूध नासवलं, तर पांढरं पाणी काकूंना आणि चोथा काकांना. अंड्यापुढे मात्र फडक्याचं काही चालेना. ते अख्खं काकूंच्या ताटात जाई. पण अंडं काही रोज परवडत नव्हतं.

"कसं झालंय?" ते विचारत.

"छान. घशाला अगदी मऊ लागतं," काकू म्हणत.

असे बरेच दिवस गेले. जखम होती तशीच. तपासणी जवळ आली आणि काकांची झोप उडाली. एका सकाळी सिस्टरने पट्टी सोडली, जखम पाहिली, मान हलवली. मग तिची नजर काकांवर गेली.

"आजोबा, तुम्हाला गाल होते?"

"म्हणजे?"

"मी पहिल्यांदा आले तेव्हा नव्हते. आता आलेत. या घरात प्रोटीन कुणाच्या पोटात जातंय?"

काकांनी अभिमानाने तिला ओट्यापाशी नेलं आणि सगळी कृती दाखवली. सिस्टरने एकदा वाटीतलं पाणी पाहिलं, एकदा फडक्यातला गोळा पाहिला, आणि ओट्याला टेकून इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी डोळे पुसायला तिला काकांनीच दुसरं फडकं दिलं.

"आजोबा, सगळं सत्त्व या गोळ्यात असतं हो! आजींना तुम्ही नुसतं पाणी पाजताय!"

काकांनी गोळा उलटून पुन्हा एकदा पाहिला. ती गेल्यावर ते काकूंच्या पलंगाशी आले.

"अगं, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं झालं."

"आंधळं कोण?"

"मी."

"आणि कुत्रं?"

"तेही मीच."

काकू हसल्या. काका मात्र चिडले. "तू जन्मभर रांधलंस. तुला कळलं नाही हे पाणी आहे?"

"पहिल्या दिवशीच कळलं."

"मग बोलली का नाहीस? डॉक्टर म्हणालेत, जखम भरली नाही तर पुन्हा भरती!" जे लपवलं होतं ते असं तोंडातून निसटलं.

काकूंचा चेहरा क्षणभर उतरला. "हे मला कुठे ठाऊक होतं?" त्या म्हणाल्या. मग ओट्याकडे पाहत, "तुमच्या दुकानात मी कधी आले नाही हो. तुम्ही सकाळी जायचात, संध्याकाळी बोटांना खळ लावून यायचात. काम करताना तुम्ही कसे दिसता, मी पाहिलंच नव्हतं. या दारातून ओटा दिसतो. फडकं पिळताना तुमचे हात असे काही चालतात... म्हटलं, गाळू देत. आणि तुमच्या अंगाला कधी नव्हे ते काही लागत होतं."

काका स्वयंपाकघरात गेले, ओट्यावरचा गोळा वाटीत घेतला, कोमट पाण्यात कालवला आणि चमचा काकूंच्या हाती दिला.

त्या दिवसापासून फडकं खुंटीवर गेलं. डाळ दाट, चणे अख्खे. दूध नासवलं की तेवढ्यापुरतं फडकं खाली येई आणि चोथा त्यात बांधून काका दुकानातून घरी आणलेल्या जुन्या बांधणीच्या दाबयंत्रात दाबत, वडी अशी सरळ निघे की काकू म्हणत, "हिला आता कव्हर घाला." दोघं अर्धी अर्धी खात. सिस्टरने डॉक्टरांशी बोलून तपासणी थोडी पुढे ढकलून घेतली. तोवर जखमेच्या कडा जुळल्या होत्या. डॉक्टरांनी पाहिलं आणि भरतीचं नावही काढलं नाही.

सिस्टर शेवटची यायची होती, त्याच्या आदल्या दिवशी काकांनी तिचं शिकतानाचं जाडजूड पुस्तक बांधून द्यायला मागून आणलं. पानं सुटली होती, पाठ फाटली होती. त्यांनी खळ शिजवली आणि खुंटीवरचं फडकं काढलं.

"थांबा," काकू आतून म्हणाल्या. काठी टेकत त्या स्वतः चालत आल्या, ओट्यापाशी स्टूल ओढून बसल्या. "हं. आता गाळा."