पुसलेली सफरचंदं

"करवतीला धार लावून आणलीय," ऑल्वेन पार्डो नवऱ्याला म्हणाली. "ऐन वेळी ती सबब नको."

विल्फ पार्डो टोस्टला लोणी लावत होता, तो लावतच राहिला. "झाड फुलावर आलंय. खिडकीतून बघ तरी."

"फुलं गेल्या वर्षीही होती. त्याच्या आदल्या वर्षीही होती. फुलांचं डम्पलिंग करता येत नाही, विल्फ. ऑक्टोबरात फळ दिसलं नाही तर झाड जाणार आणि तिथे माझी कपड्यांची दोरी येणार. खांबसुद्धा बघून ठेवलेत."

"कसले खांब?"

"हिरवे."

रंगापर्यंत गोष्ट गेली म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे विल्फला कळलं. त्याने टोस्ट खाली ठेवला.

परसातलं ते झाड कॅट्सहेड जातीचं, विल्फच्या आजोबांनी लावलेलं. फळ बाजूने पाहिलं तर थेट मांजराचं डोकं. वर दोन उंचवटे, कान असावेत तसे. हे रांधायचं सफरचंद. कच्चं खाल्लं तर तोंड असं आवळतं की माणूस चहा होईपर्यंत कुणाशी भांडू शकत नाही. आमच्या श्रॉपशरमधल्या काही संसारांना त्याचा चांगलाच उपयोग झालेला आहे. पण त्याचा गाभा काढायचा, पोकळीत साखर आणि दोन लवंगा भरायच्या, मैद्याच्या पारीत गुंडाळून भट्टीत सरकवायचं आणि वर कस्टर्ड ओतायचं. ऑल्वेनच्या हातचं ते डम्पलिंग खाऊन आमच्या पाद्रीसाहेबांनी एकदा प्रवचनाचा विषयच बदलला होता.

विल्फने उभी हयात शववाहिका चालवली. या धंद्यात त्याचं नाव होतं. त्याने कधी कुणाला ओव्हरटेक केलं नाही आणि त्याच्या गाडीतून गेलेल्या एकानेही परत येऊन तक्रार केली नाही. गाडी मात्र आरशासारखी. बॉनेट, पितळी मुठी, स्वतःचे बूट, जे समोर येईल ते तो पुसायचा. निवृत्त झाल्यावर पुसायला काही उरलं नाही, तेव्हा त्याचं सगळं लक्ष झाडाकडे गेलं. आणि नेमकी तेव्हापासूनच झाडाने फळ धरणं सोडलं.

त्या संध्याकाळी त्याने पबमध्ये क्लेम गिटिन्सला गाठलं. क्लेम मधमाश्या पाळतो, त्यामुळे गावात कोण कुणाच्या बागेत जातं हे त्याला पाद्रीसाहेबांपेक्षा जास्त माहीत असतं.

"तुझ्या शेजारच्यांनी गॅरेजसाठी रानसफरचंदाचं झाड पाडलं ना?" क्लेम म्हणाला. "तो होता तुझ्या झाडाचा नवरा."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या माश्या दर मे महिन्यात तुझ्याकडे वरात घेऊन येतात, पण वरातीत नवराच नसतो. परक्या जातीचा पराग लागतो, बाबा. आता दुसरं झाड लावशील, त्याला फुलं यायला वर्षं जातील."

"ऑल्वेनने खांब ठरवलेत."

"हिरवे. ऐकलं मी." क्लेमने ग्लास संपवला. "मग उसना नवरा आण. दुसऱ्या झाडाच्या फुललेल्या फांद्या तोडायच्या, पाण्याच्या बादलीत ठेवायच्या आणि बादली तुझ्या झाडावर टांगायची. बाकीचं माझ्या पोरी बघतील."

"फांद्या कुठून आणू?"

क्लेमने ग्लासच्या तळाकडे बघितलं. "या आठवड्यात फुलावर असलेलं दुसरं सफरचंदाचं झाड गावात एकच आहे. बेडोज बाईंचं."

विल्फ उठला आणि घरी गेला.

बेडोज बाई म्हणजे आमच्या शाळेच्या बाई. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना त्यांनी पाढे शिकवले, विल्फला तर दोनदा. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या सुगीच्या प्रदर्शनात फळांच्या परीक्षक झाल्या. एका वर्षी विल्फने तिथे पाच कॅट्सहेड मांडली. फळांवर एक पुसट पांढुरका थर असतो, द्राक्षांवर असतो तसा. फळ त्या थरासकट मांडायचं असा नियम आहे. आता आयुष्यभर बॉनेट पुसलेला माणूस तो. त्याने पाचही सफरचंदं अशी घासली होती की बाईंना त्यांत आपला चष्मा दिसला. त्यांनी ताटलीत एक चिठ्ठी ठेवली: 'बाद. पुसलेली.' ही चिठ्ठी सगळ्या गावाने वाचली. तेव्हापासून विल्फ बाईंशी बोलत नव्हता. रस्त्यात दिसल्या तर टोपीला हात लावायचा, पण तो धंद्याचा शिष्टाचार म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बाईंचं दार वाजवलं. ऑल्वेनच्या खांबांनी त्याला तिथवर ढकलत नेलं, असं तो पुढे सांगायचा.

बाईंनी दार उघडलं. नजर आता अधू झाली होती. त्यांनी आधी टोपी ओळखली.

"पार्डो! अरे, मी अजून तयार नाही."

"तुम्हाला न्यायला नाही आलो, बाई."

"मग ठीक. भट्टीत केक आहे." त्या दारातच उभ्या राहिल्या. "काय हवंय?"

"फुलं."

"इतक्या वर्षांनी बोलतोयस आणि वर फुलं मागतोयस! लोक आणतात रे."

विल्फने बादलीची, नवऱ्याची, खांबांची सगळी हकिकत सांगितली. बाईंनी ती वर्गात ऐकायच्या तशी, मान तिरकी करून ऐकली.

"एक सांग. पुसली होतीस की नाही?"

विल्फने बुटांकडे पाहिलं. ते चकाकत होते. "पुसली होती, बाई."

"कशाने?"

"गाडीच्या फडक्याने."

"तरीच वास येत होता," बाई म्हणाल्या आणि कात्री आणायला आत गेल्या.

आता विल्फ रस्त्याने निघाला, आपल्या नेहमीच्या गतीने, दोन्ही हातांत मिळून मावणार नाहीत इतकी पांढरी-गुलाबी फुलं छातीशी धरून. त्याच्या अंगावर जाकीट काळंच होतं, कारण त्याच्याकडे दुसरं नव्हतं. पोस्टमन सायकलवरून उतरला. खाटकाने टोपी काढली. बसथांब्यावरची माणसं उठून उभी राहिली.

"कोण गेलं, विल्फ?" खाटकाने हळू आवाजात विचारलं.

"कुणी नाही."

"मग फुलं?"

"झाडाला."

खाटकाने टोपी लगेच घातली नाही. संध्याकाळपर्यंत गावात पक्कं झालं की ऑल्वेन झाड तोडणार आहे आणि विल्फने त्याचे विधी आधीच सुरू केलेत. दुकानात दोघी जणींनी ऑल्वेनचा हात दाबला. "वय झालं होतं गं त्याचं," एक म्हणाली. "फार हाल नाही झाले, हेच नशीब."

ऑल्वेन घरी आली तेव्हा झाडावर बादली लटकत होती, आणि तिच्याखाली विल्फ खुर्ची टाकून बसला होता.

"माझी फरशीची बादली," ती म्हणाली.

"हळू बोल. माश्या आल्यात."

ऑल्वेनने वर पाहिलं. खरंच आल्या होत्या. मग तीही हळू बोलायला लागली, आणि हे आपण का करतोय याचा तिला राग आला.

बादलीच्या बाजूच्या फांद्यांना बारीक हिरव्या गोळ्या धरल्या. विल्फ शीळ घालू लागला. पण जून आला, आणि जूनमध्ये झाड स्वतःच हिशेब करून न पेलणारी फळं टाकतं. रोज सकाळी गवतात गोळ्या. ऑल्वेनने बघू नयेत म्हणून विल्फ तिच्या आधी उठून त्या वेचायचा आणि खिशात कोंबायचा. एवढ्या हुशार माणसाला एक गोष्ट सुचली नाही, की त्याच्या विजारी धुतं कोण.

एकदा तो चहाला आला तर खिडकीत हिरव्या गोळ्यांची लांबच लांब ओळ मांडलेली होती. एकेक गोळी धुतलेली.

"वर काही उरलंय का?" ऑल्वेनने विचारलं. तिचा आवाज करवतीचा नव्हता.

"आहेत थोडी."

"मग खिसे रिकामे करून टाकत जा. मशीन अडलं माझं."

जी टिकली ती फुगली. सप्टेंबरात त्यांना कान फुटले. ऑक्टोबरात झाडाच्या एका अंगाला मांजरांची सभा भरली होती आणि दुसऱ्या अंगाला नुसती पानं. ज्या दिवशी करवत चालायची होती, त्या दिवशी ऑल्वेन खुंटीवरची करवत तशीच ठेवून एक दोरी घेऊन आली. एक टोक तिने घराच्या आकड्याला बांधलं आणि दुसरं कॅट्सहेडच्या बुंध्याला.

"खांब एकही आणावा लागला नाही," ती म्हणाली, "दोन्ही वाचले." आणि पीठ मळायला आत गेली.

"पाच वेगळी ठेव," तिने आतून ओरडून सांगितलं. "प्रदर्शन शनिवारी आहे."

"परीक्षक नवा आहे आता," विल्फ म्हणाला. "त्याला काय दाखवायचं?"

त्याने कपाटातून कामावरचे राखाडी सुती हातमोजे काढले, ते घातले, आणि सगळ्यात मोठं मांजर देठासकट खुडलं. रुमालात ठेवून तो गावातून निघाला. मागे दोन मोटारी आणि एक ट्रॅक्टर हळूहळू येत राहिले. कुणी हॉर्न वाजवला नाही.

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी दोन बोटांनी देठ धरला आणि फळ उजेडात धरलं, नाकाला लागेल इतकं जवळ. मग करंगळीचं टोक सालीच्या अगदी कडेला टेकवलं.

"थर शाबूत आहे."

"हातमोजे घालून तोडलं, बाई."

"कुठले? कामावरचे?"

"हो."

"ते माझ्यासाठी राखून ठेवले असशील."

"तुमच्यासाठी नवे घेईन."

बाई खूप वेळ हसल्या. मग त्यांनी डोळे पुसले, ताठ बसल्या आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "पहिला नंबर."

विल्फने मान झुकवली. त्याला बोलायचं होतं, पण कच्चं सफरचंद खाल्ल्यासारखं तोंड झालं होतं.

आणि मग बाईंनी स्वेटरची बाही तळव्यावर ओढली आणि ते सफरचंद घासायला सुरुवात केली. सावकाश, चारही बाजूंनी, कानांच्या मधल्या खोबणीतसुद्धा. शेवटी त्यात खिडकी दिसायला लागली, खिडकीबाहेरचं झाडही.

"आता बाद," त्या म्हणाल्या. "तेव्हासुद्धा फार सुंदर दिसत होती रे मेली. नियम होता, म्हणून."

त्यांनी ते खिडकीत ठेवलं, जिथून त्यांना त्याची चमक तरी दिसेल.

विल्फ दारापर्यंत गेला आणि वळला. डोक्यावरची टोपी त्याने काढली, आणि ती हातात धरून तसाच उभा राहिला.

"काय रे," बाई म्हणाल्या, "कोण गेलं?"

"कुणी नाही, बाई," विल्फ म्हणाला. "सगळे आहेत."