झाकणाबाहेरचा साक्षीदार

मी फोनमधला रेघा वाचणारा बोलतोय. डब्यावर, पुड्यावर त्या काळ्या बारीक रेघा असतात ना, त्या कॅमेऱ्यासमोर आल्या की मी टुकटुक करतो आणि आत काय आहे ते मोठ्याने सांगतो. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी माझा जन्म. आवाज मला एका गोड बाईचा दिलाय, स्वभाव मात्र हवालदाराचा.

त्याला कारण आहे. मला घडवलं त्या ऑफिसात सरावासाठी माझ्यापुढे बिस्किटांचे पुडे धरायचे. मी नाव सांगितलं की पुडा गायब, आणि सगळ्यांची तोंडं चालू. माणसांवरचा संशय तेव्हापासूनचा. एकदा तर मी रेघारेघांच्या शर्टातल्या साहेबांना ‘टोमॅटो सूप’ म्हणालो, तर ते दुसऱ्या दिवशी कामावर आलेच नाहीत. खोटं वाटत असेल तर सोडून द्या.

पुढे मी ताईंच्या फोनात आलो. ताईंना जन्मापासून दिसत नाही. धाकटा भाऊ आणि भावजय यांच्यासोबत राहतात, घरीच केक करतात आणि एका ऑफिसच्या कँटीनला देतात. डबा हातात फिरवायचा, मी बोललो की चमचा आत. आमचं छान जमलं होतं.

आणि एक दिवस केक बसला. पुढचाही बसला. कँटीनच्या मॅनेजरीणबाईंचा फोन आला, “ताई, ही वीट कुणाला वाढू? परत असं झालं तर मी दुसरीकडून घेते हं.”

माझ्या मनात पाल चुकचुकली. ताई आंघोळीला गेल्या की भावजय फळीशी खुडबुड करायची. झाकणाचा आवाज मी ऐकला होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

भावाचा संशय माझ्यावर. “ताई, यंत्राचं काय खरं? यापुढे सामान मी वाचून देत जाईन. मी घरी नसेन तेव्हा भट्टी बंद.”

“म्हणजे तू सुट्टीवर असशील तेवढेच केक,” ताई म्हणाल्या.

“नाहीतरी आता किती दिवस दगदग करणार?”

ताई फळीवरचे डबे चाचपू लागल्या.

भाऊ बाहेर गेल्यावर त्यांनी बेकिंग पावडरचा डबा माझ्यापुढे धरला. मी छातीठोकपणे सांगितलं, “बेकिंग पावडर.” त्यांनी परत धरला. मी परत तेच सांगितलं. मग त्यांनी वाटीत चमचाभर पावडर घेतली, गरम पाणी ओतलं आणि कान वाटीशी नेला.

बेकिंग पावडर गरम पाण्यात फसफसते. वाटी मुकी होती.

“अगं, जरा इकडे ये,” त्यांनी भावजयीला हाक मारली. “या डब्यात काय आहे?”

“कॉर्नफ्लॉवर,” ती सहज म्हणाली. “त्याचा खोका ओला झाला होता. या डब्याचं झाकण घट्ट, म्हणून यात भरलं.”

“आणि यातली पावडर?”

“काचेच्या बरणीत ठेवली ना. चटकन दिसते.”

मग तिचं तिलाच कळलं. तिने जीभ चावली आणि बरणी ताईंच्या हातात दिली. ज्या डब्याची मी ग्वाही देत होतो, त्याच्या आत मी कधी डोकावलोच नव्हतो. चोर म्हणून जिला धरलं, ती बिचारी फळी आवरत होती, आणि खोटी साक्ष माझी निघाली.

संध्याकाळी भाऊ आला. सगळं ऐकून म्हणाला, “बघ, मी वाचून दिलं असतं तर हे झालं असतं का?”

ताई अंडी फेटत होत्या. “तूही डब्यावरचंच वाचलं असतंस,” त्या म्हणाल्या. “आता सरक, भट्टी तापलीय.”

दुसऱ्या दिवशीचा केक फुगला. मॅनेजरीणबाईंनी पुढच्या आठवड्याची ऑर्डरही दिली.

ताई आजही आधी मला विचारतात, पण चमचा घालण्यापूर्वी वाटीला कान लावतात. मला राग येत नाही. तुम्हाला मात्र एक विनवणी. रिकाम्या डब्यात दुसरं काही भरणार असाल तर माझ्या रेघा आधी खरवडून काढा. मी बाहेरचा माणूस. आत काय चाललंय, ते मला कुणी सांगत नाही.